वीतभर ऊन

"बाबा, पडदा असा सारखा वरखाली केलात तर बॅटरी कशी पुरणार?" हेरंबने माझ्या हातातला रिमोट काढून घेतला. "मोटर सुरू होतानाच जास्त वीज खाते. आता मी मोबाइलवरून वेळ लावून ठेवलीय. पहाटे उघडेल, ऊन चढलं की बंद होईल. बास."

मुलाचं बरोबर असेल. मला यंत्रांतलं काय कळतं? मी आपला खिडकीशी वाचत बसणारा आणि ऊन सरकेल तसा पडदा वीतभर हलवणारा माणूस.

दुसऱ्या दिवशी मी वाचत असतानाच पडदा घरघरत खाली आला आणि पुस्तकाचं पान काळवंडलं. सूनबाईंनी धावत येऊन खोलीतले सगळे दिवे लावले.

"वाचा हो बाबा, निवांत. दिवसभर राहू देत चालू."

बाहेर लख्ख ऊन आणि आत दिवे! माझे कान तापले. मी बाल्कनीतून कपड्यांचे चिमटे आणले, स्टुलावर चढलो, पडदा खालून हातानेच गुंडाळत नेला आणि चिमटे लावून वर अडकवून टाकला. ऊन थेट पुस्तकावर पडलं.

"अहो बाबा, उतरा! मोटर बिघडेल ना!" हेरंब दारातून ओरडला.

"बिघडू दे!" या घरात माझा एवढा मोठा आवाज मीही कधी ऐकला नव्हता. स्टुलावरून उतरून मी पुस्तक उघडलं. "आणि जाताना ते दिवे बंद कर. वीज फुकट चाललीय."