डॉक्टर टार्पलींची जन्मतारीख

“चार महिन्यांचा?” ओलेटानं चष्मा काढला, ब्लाउजच्या टोकाला पुसला आणि पुन्हा चढवला. फरक पडला नाही.

कोर्टाच्या दप्तरखान्यातल्या पडद्यावर १८५० सालची खानेसुमारी उजळली होती. तिरपं, गिचमिड अक्षर. जोसाया टार्पली, शेतकरी. बायको पर्मिलिया. खाली एकामागोमाग एक सात मुलगे. सातव्याचं वय चार महिने. नाव डॉक्टर.

“लिहिणारा प्यायलेला असणार,” ओलेटा म्हणाली.

“असेलही,” दप्तरखान्याचा कारकून हॉइट तिच्या खांद्यावरून वाकून बघत होता. “पण चुकलेला नाही, मिस ओलेटा. लागोपाठ सातवा मुलगा झाला की त्याच्या हाताला गुण असतो म्हणायचे. मग नावच ठेवून टाकायचे डॉक्टर. माझ्या आईच्या माहेरी दोन होते. एक जन्मभर खेचरांना नाल ठोकत होता.”

ओलेटाला हसू आलं आणि अर्ध्यावरच विरलं.

ती आली होती फक्त एका तारखेसाठी. रविवारी टार्पलींचा मेळावा होता. चर्चमागच्या दफनभूमीत तिच्या पणजोबांच्या थडग्यावर नवा दगड बसायचा होता. तो मागवला होता ओलेटाच्या लेकीनं, कॉरिननं. मजकूरही तिचाच: ‘डॉ. टार्पली, हॅरल काउंटीचे पहिले डॉक्टर.’ जन्मतारखेची जागा तेवढी मोकळी होती. लर्लीन आत्याला विचारलं, तर ती म्हणाली होती, “मी एक्क्याण्णव वर्षांची, मला कुठलं आठवतंय? कोर्टात जा. तिथं सगळं लिहिलेलं असतं.”

खरंच सगळं लिहिलेलं होतं. १८७० मध्ये डॉक्टर टार्पली, वय वीस, बापाच्या शेतात कामाला. १८८० मध्ये डॉक्टर टार्पली, शेतकरी. दोन दुभत्या गाई, एकोणीस डुकरं, रताळी ऐंशी पोती. ‘लिहिता येत नाही’ या रकान्यात होकाराची रेघ. हॉइटनं शोधून दिलेल्या खरेदीखतावर सहीच्या जागी वाकडी फुली, आणि शेजारी कारकुनाच्या हातचं, ‘डॉक्टर टार्पली, यांची निशाणी’.

फुलीकडे बघताना ओलेटाला लेक दिसत होती. गावच्या दवाखान्यात आता कॉरिनच डॉक्टर होती. अर्धं गाव तिच्याकडून टोचून घ्यायचं. मेडिकलला जाताना तिनं अर्जात पहिलंच वाक्य लिहिलं होतं: माझे खापरपणजोबा घोड्यावरून रोग्यांच्या घरी जायचे. घोडा तिनं पदरचा घातला होता. बाकी घरात ऐकलेलं. कोंबड्यांच्या कारखान्यात रात्रपाळी करणाऱ्या आईची पोर, ती त्या एका माणसाच्या आधारावर एवढी शिकली. आता तो माणूस एकोणीस डुकरांचा मालक निघाला होता.

तिनं बाहेर येऊन दगडवाल्याला फोन लावला. “मी सांगेपर्यंत छिन्नी लावू नका.”

“दुपारपर्यंतच थांबतो, ताई. रविवारी बसवायचा असेल तर त्यापुढं जमायचं नाही.”

लर्लीन आत्या व्हरांड्यात बसून शेंगा सोलत होती. ओलेटानं पायरीवरूनच सांगून टाकलं. खानेसुमारी, सातवा मुलगा, फुली, सगळं. आत्याचा हात थांबला नाही.

“आत्या, तो डॉक्टर नव्हता गं.”

“माहितीये.”

ओलेटा मटकन पायरीवर बसली. “माहितीये? कधीपासून?”

“पहिल्यापासून. सोलू लाग, बसलीच आहेस तर.” आत्यानं टोपली तिच्याकडे सरकवली. “म्हणून तर तुला कोर्टात धाडलं. दगडावर नाही ते कोरायला लागली तुझी लेक. माझ्या तोंडून निघेना, म्हटलं तू वाच.”

“आता कॉरिनला काय सांगू मी?”

“जे वाचलंस ते सांग. तिची पदवी काय काढून घेणारेत? आणि त्या दगडवाल्याला म्हणावं, ‘डॉक्टर टार्पली, शेतकरी’ एवढं कोर. डॉक्टर पूर्ण अक्षरात. खाली तारीख. झालं.”

ओलेटानं शेंग हातात घेतली आणि तशीच धरून राहिली. डोळे भरून आले होते, रागही आला होता. आधी राग बाहेर पडला.

“इतकी वर्षं खोटं बोललीस पोरीशी?”

“खोटं?” आत्यानं पहिल्यांदाच मान वर केली. “दहा वर्षांची होती ती. तू झोपलेली होतीस कामावरून येऊन. शाळेत कुणी बाई म्हणाल्या, कामगारांच्या पोरींनी भलती स्वप्नं बघू नयेत. तशीच तरातरा इथं आली. म्हणाली, ‘आजी, आपल्यात कुणी डॉक्टर होता का?’ मी म्हटलं, होता. माझा आजा. तिला पटेना. घरात जाऊन घराण्याचं बायबल घेऊन आली, दोन्ही हातांत धरून. म्हणाली, ‘यावर हात ठेवून सांग.’”

“आणि तू ठेवलास?”

“ठेवला की,” आत्या म्हणाली. “आज्याचं नाव त्याच बायबलात लिहिलंय, पहिल्या पानावर. डॉक्टर टार्पली.”