गादीखालचं बँडेज

"शर्टाची बटणं काढ," त्वचेच्या डॉक्टर म्हणाल्या, तसं मी वरचं बटण मुठीत घट्ट धरलं. अंगावरचं पुरळ दाखवायला घेऊन आलेली आई शेजारीच बसली होती. शर्टाच्या आत छातीवर आवळून गुंडाळलेलं क्रेप बँडेज होतं. आईच्या लेखी मी तिची मुलगी. मी मुलगा आहे, हे मी अजून कुणालाच सांगितलं नव्हतं.

डॉक्टरांनी माझ्या मुठीकडे पाहिलं आणि आईला बाहेर बसायला सांगितलं.

दार लागलं तरी मी बटण सोडलं नाही. "मी मुलगा आहे," मी कसंबसं म्हणालो. मग बटणं काढली. आता त्या आईला हाक मारणार, म्हणून डोळे मिटून घेतले.

"बरं," त्या म्हणाल्या. "हे बँडेज ओलंच गुंडाळतोस का? पुरळ त्यानेच वाढलंय."

"रोज धुतो. पण दोरीवर घातलं तर आईला दिसेल. म्हणून गादीखाली ठेवतो."

"एवढं आवळू नकोस, श्वास कोंडेल. सुती बनियन घाल. आणि काहीही घातलंस तरी उन्हात वाळलेलं हवं. घरी मी काही बोलणार नाही."

मलम मिळालं. ऊन कुठून आणणार होतो?

दुसऱ्या दिवशी बँडेज गादीखालीच ठेवून, बनियन घालून शाळेत गेलो. परत आलो आणि दारातच थबकलो. गॅलरीतल्या दोरीवर, समोरच्या बिल्डिंगला दिसेल असं, माझं बँडेज लांबच्या लांब पसरलं होतं. त्याला जागा व्हावी म्हणून आई आपली ओली साडी बाजूला सरकवत होती.

"गादी कधीची ओलसर लागतेय," माझ्याकडे न बघता ती म्हणाली. "इथे घालत जा. दुपारी चांगलं ऊन येतं."