कपाटाची किल्ली

विद्यापीठातले प्राध्यापक शाळेत नॅनो तंत्रज्ञान शिकवायला आले होते. काचेच्या कपाटात कुलूपबंद सूक्ष्मदर्शक दिसला, तशी त्यांनी वर्गासमोरच विज्ञानाच्या बाईंची खरडपट्टी काढली.

"मुलांना हात लावू द्या हो बाई. लोणचं घालायचंय का त्याचं?"

बाई ओशाळल्या आणि पर्समध्ये किल्ली शोधू लागल्या.

तेवढ्यात पहिल्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "सर, तुमच्या विद्यापीठातल्या मोठ्या सूक्ष्मदर्शकातून तुम्ही काय काय बघितलंत?"

प्राध्यापकांनी घसा खाकरला. "त्याची खोली उद्घाटनानंतर उघडलेली नाही. कोट्यवधींचं मशीन आहे, बिघडलं तर जबाबदारी कोण घेणार?"

बाईंनी हाताला लागलेली किल्ली पुन्हा पर्सच्या तळाशी सोडली. अभिप्रायाच्या कागदावर त्यांनी लिहिलं, 'आमची शाळा योग्य मार्गावर आहे, याची खात्री पटली.'