फुटबॉलचं खळं

रविवारी सकाळी दुधराम घरून निघाला तो हरूनच. ब गटात सगळ्यात खाली असलेल्या दरेकशाच्या फुटबॉल क्लबचा तो कप्तान. आदल्या दिवशी गोंदियाहून रेफ्री आला आणि त्यानं त्यांचं मैदान पाहिलं. धानाच्या चार बांध्या, मधात मातीचे उंच धुरे, पायाखाली कापलेल्या धानाचे खुंट.

"ये मैदान है क्या? उद्या दुपारपर्यंत सपाट झालं नाही, तर सामना गोंदियावाल्यांचा. आणि तुमचं नाव कट."

एवढं बोलून तो गाडीत बसला. दुधरामनं आपल्याच गड्यांवर आग पाखडली आणि कोणाशी न बोलता जाऊन झोपला. आता गोलाचे बांबू उपटून आणायचे, तेवढंच काम उरलं होतं.

मैदानाकाठच्या मोहाच्या झाडाशी आला आणि त्याचे पाय थांबले.

धुरे नव्हते. ज्या धुऱ्यापायी शेजारचे शेतकरी बकाराम आणि मनीराम भंडाऱ्याच्या कोर्टापर्यंत भांडले, तोही नव्हता. दोघं एकच टोपली दोन बाजूंनी धरून त्याची माती वाहत होते. बोलत मात्र नव्हते. मळणीला फिरवतात तसे बैल फिरवून जमीन दाबली होती. त्यांच्या मागं गावातल्या साऱ्या बाया गुडघ्यावर, एका ओळीत. एका गोलापासून सारवत सारवत दुसऱ्या गोलाकडं सरकत होत्या. ओलं शेण उन्हात चमकत होतं. सगळ्यात पुढं म्हातारी देवकाबाई.

"मावशी, का करून रायल्या तुमी?"

"दिसत नाई का? खळं."

"मैदान पायजे होतं, मावशी."

"मले खळंच येते, बाप्पा. तोंड काय पायतं? टोपली उचल."

दुधरामनं टोपली उचलली.

दुपारपर्यंत सारं वाळलं. घरातल्या भुईसारखं झालं. धान सांडलं असतं तर दाणा न् दाणा वेचता आला असता. पॅसेंजर आली. गोंदियावाले उतरले, खिळ्यांचे बूट घालूनच. दरेकशाचे सारे अनवाणी खेळायचे. मागच्या साली याच बुटांखाली दुधरामचा अंगठा फुटला होता. पण आता त्याला अंगठा आठवला नाही. खळ्यावर कोणी पायात घालून येते का? त्याचं डोकं तापलं. तो त्यांच्यावर धावून निघाला, तेवढ्यात देवकाबाईनं मागून सदरा धरला.

"पाहुने हायेत. चूप राय."

गोंदियाचा कप्तान हिरालाल काठावर आला आणि थांबला. सारवणातले बोटांचे फराटे पार दुसऱ्या गोलापर्यंत गेले होते. त्यानं ते पाहिले. मग काठावर बसलेल्या बाया पाहिल्या. कोपरापर्यंत हात शेणाचे.

"यहाँ जूते नहीं चलेंगे," तो आपल्या गड्यांना हळूच म्हणाला. खाली बसला आणि नाड्या सोडायला लागला.

काठावर बुटांची रांग लागली. रेफ्रीनं शिटी वाजवली. त्याचेही जोडे त्याच्या हातात होते.

कोणी हललं नाही. दोन्हीकडचे गडी अनवाणी उभे. पहिला पाय कोणी टाकेना. दुधरामनं एकदा उचलला, आणि पुन्हा काठावरच ठेवला.

"आता कडेवर घेऊन नेऊ का मधात?" देवकाबाई म्हणाली. "खेळा ना गा. उद्या सारवता येते पुन्हा."