झडती

बाबांना मधुमेह निघाला आणि लेकीने घरातून साखर हद्दपार केली. बाबाही वस्ताद. चहाच्या टपरीवरून आणलेल्या साखरेच्या पुड्या कधी उशीच्या खोळीत निघायच्या, कधी जुन्या बुटात. ती त्या मोरीत ओतायची आणि बाबा हात वर करून म्हणायचे, "आली फौजदारीण!"

आज इन्सुलिन टोचून घेतलं आणि बाबा रेडिओ दुरुस्त करता करता जेवायचंच विसरले. ती कामावरून आली तेव्हा ते घामाने निथळत होते आणि हातातला पेचकस थरथरत होता. रक्तातली साखर पार तळाला गेली होती.

तिने खांद्यावरची पर्सही न काढता स्वयंपाकघरातले डबे उपडे केले. मीठ. चहापत्ती. पीठ. गोडाचा एक कण नाही. शेजारच्या दाराला कुलूप.

"बाबा, कुठे लपवलीय साखर?"

"छे गं. मी सोडली."

"रागावत नाही, बाबा. लवकर सांगा!"

"बुटाच्या वेळी हेच म्हणालीस."

"पाया पडते तुमच्या! साखर पोटात गेली नाही तर शुद्ध हरपेल तुमची!"

तिला रडू फुटलं. बाबा चपापले. ओशाळून त्यांनी थरथरतं बोट तिच्याच खांद्याकडे नेलं.



"तुझ्या पर्सच्या आतल्या कप्प्यात बघ. तिथे तू कधीच धाड घालत नाहीस."