साडेसातची खूण

शेवगावच्या मैदानावरचे दिवे कचरूनानांच्या ताब्यात असत. रोज साडेसातला ते दिवे दोनदा विझवून पुन्हा लावायचे. ती खूण मैदानापलीकडच्या घरात वाट बघणाऱ्या त्यांच्या बायकोसाठी, भागिरथीकाकूंसाठी होती: आता बदलीचा माणूस येईल, मी निघतोय, तवा ठेव.

नाना गेले, त्याच वर्षी मैदानाला टायमर आला. दिवे आपोआप लागू-विझू लागले. नगरपालिकेचा वायरमन म्हणून टायमर मीच बसवला.

पंधरा दिवसांत पोरांची तक्रार आली. ऐन कबड्डीत, साडेसातला, दिवे दोनदा विझून लागतात. मी टायमर बदलला, सगळं वायरिंग तपासलं. काही फरक पडला नाही. काकू मात्र पुन्हा दोघांच्या भाकरी थापू लागल्या.

शेवटी साहेब वैतागले. आज मी मैदानाची लाइन तोडली आणि सरळ काकूंकडे गेलो.

"काकू, आज दिवे लागणार न्हाईत."

परातीतला हात थांबला. "मंग त्यांनी मला कळवायचं कसं रं, नितीन?"

काकूंनी निम्मं पीठ परत डब्यात टाकलं. खिडकीबाहेर मैदान काळंठिक्कर पडलं होतं.

साडेसात झाले. चुलीवरचा बल्ब विझला, लागला. पुन्हा विझला, लागला.

"व्होल्टेज कमी-जास्त होत असंल," मी म्हणालो. माझाच आवाज मला ओळखू येईना.

काकूंनी डब्यातलं पीठ पुन्हा परातीत घेतलं. कपाळावरचे केस मनगटाने मागे सारले.

"दाराची कडी काढ, बाळा," त्या हळूच म्हणाल्या. "आज त्ये लई जवळ आल्यात."