खंडेनवमीचा पिक्चर

पडद्यावरच्या मालकाच्या तोंडावर पहिला ठोसा बसला आणि बसलिंगप्पाने टाळी वाजवली.

मायाप्पाला वाटलं, आपण चुकीचं पाहिलं. तो खाली सतरंजीवर बसला होता. कारखान्याचा मालक बसलिंगप्पा शेजारीच खुर्चीवर होता. पडद्याचा उजेड त्याच्या तोंडावर पडत होता. त्या उजेडात त्याचे डोळे भरून आलेले दिसले.

भवानी पेठेतल्या त्या कारखान्यात खंडेनवमीला माग बंद असत. मागांना हळदकुंकू लागे, झेंडूच्या माळा पडत. दिवेलागण झाली की अंगणात मालकाच्या वतीने पिक्चर लागे. पिक्चरचं मशीन भाड्याने येई. तिथेच विणलेल्या पांढऱ्या कापडाचे पट्टे जोडून पडदा होई. पुरुष पडद्यापुढे बसत, बाया पडद्यामागे. पिक्चर कोणता आणायचा ते कामगारांनी ठरवायचं, अशी रीत होती. दरवर्षी देवाधर्माचा येई, नाहीतर नाचगाण्याचा.

आणीबाणी उठली त्या वर्षी मात्र मायाप्पा अडून बसला. त्याने सांगितलेल्या पिक्चरचं नावही कुणी ऐकलं नव्हतं. टॉकीजमध्ये तो आला तसा गेला होता. मायाप्पाने रिकाम्या खुर्च्यांमध्ये एकट्याने बसून पाहिला होता. मागावरचा त्याचा जोडीदार भीमा कुरकुरला. वर्षाचा सण, आणि मारामारी कसली बघायची, म्हणाला. मग मायाप्पाने गोष्ट सांगितली. ती ऐकून भीमाही तयार झाला.

लाकडाच्या वखारीत करवतीवर एका पोरीचा हात तुटतो. करवतीला झाकण नसतं. पोरगीच बेसावध होती, असं मालक सांगतो. कोर्ट त्याचंच ऐकतं. मग तिचा भाऊ एकेकाला गाठतो आणि शेवटी मालकाला.

मायाप्पाची बहीण केराबाई याच कारखान्यात सुताच्या कांड्या भरायची. माग फिरवणारा पट्टा उघडाच होता. त्याला जाळी बसवा, असं मायाप्पा मालकाला सांगून थकला होता. उन्हाळ्यात केराचा उजवा हात त्या पट्ट्यात सापडला. दवाखान्यात तो मनगटाच्या वरून कापावा लागला. बाई डुलकी घेत होती, असं बसलिंगप्पाने सगळ्यांना सांगितलं. चौकशीला आलेल्या साहेबालाही तेच सांगितलं. केराला बघायला तो एकदाही गेला नाही. पट्टा अजून तसाच उघडा होता. सकाळी त्यालाही झेंडूची माळ घातली होती.

कामावर झोपून हात घालवलेली बाई, अशी केराची पेठेत ओळख झाली होती. नळावर पोरीसोरी तिला हसत. दुसऱ्या कारखान्यात तिला दारातूनच परतवून लावत. मायाप्पाला मालकाकडून एकच गोष्ट हवी होती. चार माणसांत त्याने म्हणावं, तिची चूक नव्हती, माझी होती. सांगून तो ऐकत नव्हता. डोळ्यांनी बघेल तेव्हा तरी ओळखेल, असं मायाप्पाला वाटलं होतं. तरीही नाहीच ओळखलं, तर पुढे काय करायचं ते पिक्चरने त्याला शिकवलं होतं.

आणि बसलिंगप्पा टाळ्या वाजवत होता. पोरीचा हात तुटला तेव्हा तो हळहळला होता, उपरण्याने नाक पुसलं होतं. वखारीचा मुनीम मार खाऊन पडला तेव्हा मांडीवर थाप मारून हसला होता. आता वखारीच्या मालकाला भाऊ केसाला धरून ओढत होता. बसलिंगप्पा खुर्चीच्या टोकाला सरकला आणि मायाप्पाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "गरिबाच्या लेकीचा हात घेतो म्हंजे काय? असल्याला सोडू नये बघ, मायाप्पा."

मायाप्पाने त्याच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. ढोंग नव्हतं. ढोंग असतं तर बरं झालं असतं.

"गड्या, ह्यो तर तुझ्याच बाजूनं बसलाय की," भीमा मागून हळूच म्हणाला.

मायाप्पाने खांदा झटकला. हा माणूस खोटं बोलत होता असं त्याने इतके दिवस धरलं होतं. खोटं बोलायला आधी खरं काय ते ठाऊक असावं लागतं. बसलिंगप्पाच्या डोक्यात केरा नव्हतीच. तिचा हात नव्हता, तिचं नाव नव्हतं. अशा माणसाकडून कबुली कशाची घ्यायची? मायाप्पाच्या मुठी वळल्या.

पडद्यावरचा मालक मेला. मशीन थांबलं, अंगणातला बल्ब लागला. मायाप्पा उठून खुर्चीसमोर उभा राहिला.

तेवढ्यात पडद्याखालून वाकून केरा पुढे आली. पिक्चर संपला की कामगार बाईने मालकाला विडा द्यायचा, ही त्या सणाची शेवटची रीत. बायांनी आपसात ठरवून यंदा केराला पाठवलं होतं. अंगावर धुतलेलं लुगडं होतं. उजवा हात पदराखाली होता. भावाला तिने नजरेनेच बाजूला केलं आणि डाव्या हाताने विडा मालकापुढे धरला.

पडद्यामागच्या बायाही उठून पुढे आल्या.

बसलिंगप्पा अजून डोळे पुसत होता. वर न बघताच त्याने हात पसरला. मग विड्याकडे बघून मायेने म्हणाला, "उजव्या हातानं दे की गं बाई. सणाचा दिस हाय."

केराने विडा मायाप्पाच्या हातात दिला. पदर बाजूला सारला. आणि मालकाने सांगितलं तसा उजवा हात पुढे केला.